कुचल्याची भुकटी

मी जात्याच संशयी माणूस. दूधवाल्याच्या दुधात पाणी आहे हे मी भांडं पाहण्याआधीच ठरवलेलं असतं, आणि नसलंच पाणी तर आज का नाही, म्हणून पुन्हा संशय. घरचे हसतात. पण तरुणपणी मला या गुणाचाच पगार मिळायचा. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी नागपूरहून निघालो आणि अहेरीच्या पुढे, जंगलाच्या तोंडाशी असलेल्या एका गोदामावर केमिस्ट म्हणून रुजू झालो. एकोणीसशे पन्नासनंतरची चार-पाच वर्षं असतील ती. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा मुलुख चांद्यातच, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, मोडायचा. मालक मुंबईचे, औषधी माल परदेशी पाठवणारे. माझं काम एकच, कोणावर विश्वास ठेवायचा नाही.

गोदाम कुचल्याचं होतं. कुचल्याचं फळ दिसायला नारिंगासारखं. आत चपट्या, करड्या, कोटाच्या गुंडीएवढ्या बिया आणि त्यांवर रेशमासारखी लव. बी विषारी. थोडं पोटात गेलं तर टॉनिक, जास्त गेलं तर तिरडी. धनेश पक्षी वरचा गर खातो आणि बी खाली टाकतो. हिवाळ्यात गावोगावचे माडिया आणि गोंड लोक झाडाखाली ते वेचायचे आणि टोपल्यांनी आमच्याकडे आणायचे. आम्ही पोती भरून ते बल्लारशाहच्या स्टेशनावर पाठवायचो, तिथून मुंबई, मुंबईहून बोट. अहेरीच्या दवाखान्यात फडताळावर विलायती टॉनिकची एक बाटली असायची. तिच्यातला कडूपणा आमच्याच जंगलातला, हे मी तिथल्या कंपाउंडरला सांगितलं तेव्हा त्याला खरं वाटेना. इथून पोत्यात बसून गेलेलं बी तिकडून साहेब होऊन परत यायचं.

माल निवडायला वीस-बावीस बायका होत्या. त्यांची म्होरकी एक माडिया बाई, चाळिशीची, अंगानं काटक, बोलायला कमी. ती बी डोळ्यांनी निवडायचीच नाही. मूठ भरायची, अंगठ्यानं फिरवायची, आणि पोकळ, किडकं, कोवळं बी बाजूला पडायचं. तीन गावांचा माल तिच्या हाताखालून जायचा आणि 'तिनं घेतला' म्हटलं की त्या गावांत पुढे कोणी हुज्जत घालत नसे. एकदा तिनं सख्ख्या दिराची टोपली परत केली. दुसरा कोणी असता तर त्याला कौतुक वाटलं असतं. मला वाटलं, ही मला दाखवायला करते आहे. एवढी सचोटी कोणी फुकट दाखवत नाही.

मला भीती होती निवळीची. निवळी म्हणजे कुचल्याचं चुलत भावंड. बी लहान, गोलसर आणि बिनविषारी. गढूळ पाण्याच्या मडक्यात आतून निवळीचं बी घासलं की गाळ खाली बसतो, पाणी नितळ होतं. लोक ते पिढ्यान् पिढ्या वापरत आले आहेत. पण व्यापारात लबाड माणसं कुचल्यात निवळी मिसळून वजन वाढवतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तेव्हापासून प्रत्येक पोत्यात मला निवळी दिसायची. सापडायची मात्र नाही. ती सापडत नाही याचाच मला जास्त संशय यायचा.

अशात जर्मनीहून चक्की आली. बल्लारशाहहून बैलगाड्यांवर, वाटेत दोनदा गाड्या रुतल्या, तरी आली. मॅनेजर नागपूरचे, पन्नाशीचे, उत्साही गृहस्थ. त्यांनी स्वतः चक्कीवरचं गोणपाट काढलं आणि रुमालानं ती पुसली. म्हणाले, "आजवर आपण बी विकत होतो. आता भुकटी विकू. मग इथंच अर्क काढू. मग इंजेक्शनंही इथंच भरू, बघाल तुम्ही." नव्या देशात तेव्हा असंच बोलायची पद्धत होती, आणि खोटं कशाला सांगू, मलाही ते ऐकून उभारी आली. तरी मी म्हणालोच, "साहेब, अख्खं बी गिऱ्हाइकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. भुकटी म्हणजे नुसता आपला शब्द. तो साता समुद्रापलीकडे कोण धरणार?"

"म्हणून तर केमिस्ट ठेवलाय," ते म्हणाले.

चक्की सुरू केली आणि तासाभरात ती अडकली. कुचल्याचं बी शिंगासारखं कठीण. चक्कीसोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की बी आधी वाफेवर मऊ करा, मग दळा. त्यासाठी वाफेची एक पेटी वेगळी येणार होती. ती मुंबईच्या बंदरात अडकली. आयातीच्या परवान्यात चक्की लिहिलेली होती, पेटी नव्हती. आता कारकुनाच्या टेबलावरून कागद हलेपर्यंत चक्कीनं काय करायचं? मॅनेजर रोज गोदामात येऊन तिच्याकडे बघायचे आणि उसासा टाकून जायचे.

तेव्हा मला युक्ती सुचली. पेटी नाही तर नाही. गोदामामागे सिमेंटच्या चार टाक्या बांधायच्या, बी चार-पाच दिवस पाण्यात भिजवायचं, मऊ झालं की काढून वाळवायचं आणि दळायचं. विष पाण्यात उतरेल का, हा प्रश्न माझ्यासारख्याला पडणारच. मी पुस्तक उघडलं. कुचल्यातलं विष, स्ट्रिक्निन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, असं छापलेलं होतं. मी पुस्तक मिटलं. आयुष्यात एवढ्या एकाच गोष्टीवर मी डोळे झाकून विश्वास ठेवला असेन.

युक्ती फळली. चक्की गुरगुरत चालू लागली आणि करडी, मऊ भुकटी पडू लागली. 'आमच्या केमिस्टची देशी युक्ती' म्हणून मॅनेजरांनी मुंबईला लिहिलं. मुंबईहून उत्तर आलं की या तरुणाला पुढे आमच्या प्रयोगशाळेत घेऊ. ते पत्र मी किती वेळा वाचलं असेन, सांगवत नाही. टाक्यांतलं तपकिरी पाणी दर पाच दिवसांनी मागच्या नाल्यात सोडून द्यायचो.

पहिल्यांदा पाणी सोडलं त्याच दिवशी ती बाई माझ्याकडे आली. एरवी कधी यायची नाही.

"बाबू, हे पानी नाल्यात सोडू नोका."

"काऊन?" मी तिच्याच बोलीत विचारलं. तेव्हा मला ते विनोदी वाटायचं.

"जनावरं मरतीन. कुचल्याचं पानी हाये ते."

"बाई, विष बियात राहतं. पाण्यात उतरत नाही. पुस्तकात लिहिलं आहे."

तिनं एकदा नाल्याकडे पाहिलं. मग गेली. दुसऱ्या दिवसापासून तिच्या बायका पिण्याचं पाणी गोदामापाशी न भरता नाल्याच्या वरच्या अंगाला, लांब जाऊन रेतीत उकरलेल्या झिऱ्यातून आणू लागल्या. जाण्यायेण्यात वेळ जायचा. मी तो मोजला आणि मनाशी म्हटलं, हे कामचुकारपणाचे धंदे आहेत. पाण्याचं तर निमित्त. वाटेत काय करतात, कोणाला भेटतात, काय घेऊन येतात, कोण पाहतो? दोनदा मी त्यांच्या मागोमाग गेलोसुद्धा. त्या पाणी भरून परत आल्या. मी झाडामागे उभा होतो हे त्यांना कळलं होतं, कारण एक पोरगी हसत होती आणि बाईनं तिला डोळ्यांनी गप्प केलं.

उन्हाळा लागला आणि विलायतेच्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं. भुकटी कमजोर आहे. कुचल्यात जेवढं विष असायला हवं त्याच्या निम्मंही नाही. माल दुसऱ्या कशात तरी मिसळलेला असावा, अशी शंका आहे. पुढची पोती घ्यायला ते तयार नव्हते. अख्खं बी पाठवत होतो तोवर त्यांनी कधी एका अक्षरानं तक्रार केली नव्हती, हेही त्यांनी लिहिलं होतं.

मॅनेजरांनी पत्र माझ्यापुढे ठेवलं. त्यांचा चेहरा उतरला होता. मला मात्र, खरं सांगतो, आत कुठेतरी समाधान झालं. माझं भाकीत खरं झालं होतं. कोणीतरी मिसळत होतं. तुझ्या टाक्यांचं काय, हे माझ्या मनानं एकदाही विचारलं नाही. जगावर संशय घेणाऱ्यानं स्वतःला नेहमीच सूट दिलेली असते.

मी तडक निवडीच्या छपरात गेलो आणि सगळ्यांच्या टोपल्या, कमरेचे बटवे, पदराच्या गाठी उघडायला लावल्या. बाईच्या बटव्यात सात निवळ्या निघाल्या. एवढ्या दिवसांनी शेवटी निवळी माझ्या हातात आली होती.

"हे काय आहे?"

"निवळी हाये, बाबू. मडक्यासाठी. आता झिऱ्याचं पानी गढूळ येऊन राह्यलं."

"सात?"

"मडके तीन हायेत. झिजते ते."

तिथे कोपऱ्यात तीन मडकी होती. तिन्हींच्या आतल्या अंगाला घासल्याच्या पांढुरक्या खुणा होत्या. त्या मी पाहिल्या. पाहिल्या हे मला आजही स्वच्छ आठवतं. पण सात निवळ्यांनी शेकडो पोती माल कमजोर होईल का, एवढं साधं गणित मी केलं नाही. चोर हातात सापडल्यावर गणित कोण करतो?

मी मॅनेजरांना निवळ्या दाखवल्या. त्यांनी एकदा विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "साहेब, मी केमिस्ट आहे." त्या दिवशी बाईला आणि तिच्या सगळ्या बायकांना काढून टाकलं. त्या तीन गावांचा कुचला यापुढे घ्यायचा नाही, असंही ठरलं. बाई रडली नाही, भांडली नाही. नव्यानं निवडलेल्या मालाची टोपली तिनं माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "यातलं एक बी खोटं निघालं तं सांगा." मी टोपलीकडे पाहिलंही नाही. तिच्या शांतपणाचासुद्धा मला संशय आला. मला तो निर्ढावलेपणा वाटला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मॅनेजरांची गाय मेली. चहाला दूध मिळत नाही म्हणून त्यांनी ती चांद्याहून हौसेनं आणवली होती. नाल्याकाठी चरत होती. आचके देत, पाय ताठ करून, पाठ वाकवून गेली. ते मरण कशाचं हे ओळखायला केमिस्ट लागत नाही. मॅनेजर म्हणाले, "सूड उगवला त्या बायकांनी. पाण्यात विष कालवलं." मीही तेच म्हणालो. पोलिसात द्यायचं तर पुरावा हवा, आणि पुरावा मी देणार होतो.

मी बाटल्या घेऊन नाल्यावर गेलो. उन्हाळ्यानं धार तुटली होती, नुसती डबकी राहिली होती. वरच्या अंगाचं पाणी घेतलं, गोदामापाशी घेतलं, खालच्या अंगाचं घेतलं. प्रत्येक पाणी आटवलं, तळाशी राहिलेल्या साक्यावर नत्राम्लाचा, म्हणजे नायट्रिक ॲसिडचा, थेंब सोडला. कुचला असेल तर थेंब लाल होतो. वरचं पाणी लाल झालं नाही. गोदामापासचं आणि खालचं झालं. विष कुठून येतं हे पाहावं म्हणून मी काठाकाठानं मागे आलो, आणि आमच्या टाक्यांच्या मोरीपाशी येऊन थांबलो. तिथून पुढे माग नव्हता.

मग मी टाकीतलंच पाणी घेतलं. थेंब टाकला. रक्तासारखा लाल.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मी पुन्हा पुस्तक उघडलं. स्ट्रिक्निन पाण्यात विरघळत नाही हे खरं होतं, पण ते वेगळं काढलेलं शुद्ध स्ट्रिक्निन. बियात ते एका आम्लाशी जोडलेलं असतं, आणि तसं ते पाण्यात खुशाल उतरतं. हे त्याच प्रकरणात, दोन पानं पुढे छापलेलं होतं. मी दोन पानं पुढे गेलोच नव्हतो. गावचे वैद्य कुचला औषधात घालण्याआधी दिवसेंदिवस भिजत घालतात, म्हणजे त्याचं विष उतरतं, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. ते मला जुनाट वाटायचं. आणि जिनं हे मला तोंडावर, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तिला मी काढून टाकलं होतं. महिनोन् महिने मी चार टाक्यांत आमच्या मालाचं सत्त्व भिजवून नाल्याला वाहत होतो. हिवाळ्यात धार होती म्हणून ते कोणाला बाधलं नाही. तिच्या बायका वरून पाणी आणत होत्या म्हणून त्या वाचल्या.

 मी उठून मॅनेजरांकडे निघालो. त्यांच्या कचेरीच्या दारापर्यंत गेलो. ते खुर्चीत बसून मुंबईला पत्र लिहीत होते, आणि मला ते दुसरं पत्र आठवलं, प्रयोगशाळेतल्या जागेचं. मी आत जाऊन म्हणालो, "पाण्यात काही मिळालं नाही, साहेब. साप चावला असेल." ते म्हणाले, "पाठ अशी वाकते सापानं?" मी म्हटलं, "काही सापांनी वाकते." पोलिसाचं प्रकरण टळलं. निदान एवढं तरी केलं, अशी मी तेव्हा स्वतःची समजूत घातली. त्या समजुतीचीही आता मला लाज वाटते.

टाक्या मी दुसऱ्याच दिवशी बंद केल्या. डास होतात, असं कारण सांगितलं. नशीब असं की महिनाभरात वाफेची पेटीही सुटून आली. आता बी भिजवायची गरज नव्हती. वाफेवर मऊ करून दळलं. निवडीला वडसा गावाकडून नवी माणसं आणली होती. ती बोटांनी नाही, चाळणीनं निवडायची. त्या मालाची थोडी पोती नमुना म्हणून पावसाळा संपता संपता बोटीवर चढली, आणि दिवाळीनंतर पत्र आलं की भुकटी उत्तम आहे.

मॅनेजरांनी पेढे वाटले. मला जवळ बोलावून म्हणाले, "पाहिलंत? त्या बायका गेल्या आणि माल सुधारला. तुमची नजर म्हणजे नजर."

मी पेढा खाल्ला.

गिऱ्हाइकानं एक अट घातली होती. आधीचा दोष कशामुळे आला आणि तो कसा दूर केला, हे केमिस्टच्या सहीनं लिहून द्यावं. त्याशिवाय पुढचा करार नाही. मजकूर मॅनेजरांनीच तयार केला. निवडणाऱ्या स्थानिक बायका निवळी मिसळत होत्या, त्यांना दूर केलं आहे, त्या गावांचा माल बंद केला आहे. कागद माझ्यापुढे आला. त्याच्यावर सगळं उभं होतं, चक्की, करार, मुंबईची जागा. मी पेन उचललं आणि सही केली. माझी ती सही समुद्रापार गेली, आणि तिथे कोणाला तिचा संशय आला नाही.

ती बाई मला पुन्हा एकदा भेटली. मी मुंबईला जायच्या आधी, अहेरीच्या बाजारात. पुढ्यात थोडी मोहफुलं आणि चारोळी मांडून बसली होती. मी टाळून जाणार होतो, पण तिनं हाक मारली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"बाबू, तुमचा माल आता बेस जाऊन राह्यला म्हन्तेत."

"हो."

"आमी गेलो अन् माल सुदरला, असं म्हन्तेत सारे." ती पुढ्यातली चारोळी उगाच सारखी करत होती. "आमच्या गावातले लोक मलेच पुसून राह्यले, तू काय मिसळली होती म्हनून. त्यायचा कुचला आता कोनी घेत नाई. माहा दीर तं बोलत बी नाई माह्याशी."

मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"मी तं काई मिसळलं नाई, बाबू. पन आता कधी कधी मलेच वाटते, माह्याच हातानं काई चुकलं का. मले नाई समजलं. तुमी शिकलेले हा. तुमाले मालूम असन." तिनं वर पाहिलं. "माहं चुकलं होतं का?"

आजूबाजूला तिच्या गावचे चार-सहा जण बसले होते. तेही माझ्याकडे बघत होते. एक शब्द पुरला असता. मी म्हटलं, "बाई, माझी मोटार सुटते आहे," आणि घाईघाईनं निघालो.

मोटारीला अजून दोन तास होते. ते मी बाजारासमोरच्या अड्ड्यावर, तिच्याकडे पाठ करून बसून काढले.